बहात्तर

दोन क्रेडिटचा कोर्स, तीस तास.
नाव भारदस्त: आरोग्य आणि स्वास्थ्य.
वेळ शनिवारी दुपारी दोन,
खोली भूगर्भशास्त्राची, बाकीच्यांना कुलूप म्हणून.
कपाटात दगड, चिठ्ठ्या लावलेले,
मनसरचं मँगनीज, उमरेडचा कोळसा,
आणि समोर आम्ही अठ्ठेचाळीस जण,
चिठ्ठी नसलेले.
पर्याय दोनच होते, हा नाहीतर टॅली.
टॅलीच्या जागा सकाळीच भरल्या.

बोकारे मॅडम सदरहून स्कूटीनं यायच्या.
तोंडाला दुपट्टा, कोपरापर्यंत हातमोजे,
एकेक सोडता सोडता हजेरी घ्यायच्या.
कूलर लावला की त्यांचा आवाज जायचा,
बंद केला की आमचा जीव.

झोपेची वही ठेवायला सांगितली.
रूपेश टेंभरेनं लिहिलं, झोपलो पहाटे पाचला.
"मोबाइल ना?"
"नाही मॅडम. कळमना. संत्र्याच्या गाड्या रात्रीच लागतात."
मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
पुस्तकात लिहिलं होतं,
झोपण्याआधी कोमट दूध घ्यावं.

मग एका शनिवारी नाडी.
तीन बोटं ठेवायची, अंगठा नाही.
अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते,
ती दुसऱ्याची ऐकू देत नाही.
(हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.
परीक्षेला आलं नाही.)

मिनिटभर मोजा, आकडा लिहा.
माझा एकशे चार.
शेजारी प्रणोतीच्या कागदावर बहात्तर.
तिनं पुढच्या बाकावरचा पाहिला होता.
मी माझा खोडला.

मॅडमनी गठ्ठा चाळला, चष्मा कपाळावर ढकलला.
"अठ्ठेचाळीस पोरं आणि सगळ्यांचे बहात्तर?
वर्ग आहे का घड्याळाचं दुकान?"

मग त्या बाकाबाकाशी आल्या.
माझं मनगट धरलं.
याआधी कुणी धरलं होतं, आठवेना.
ताईच्या लग्नात, बांगड्या भरणाऱ्या बाईनं,
तेही हाडं दाबून.
मॅडम घड्याळाकडे बघत होत्या, ओठ हलत होते.
एक मिनिट केवढं लांब असतं
ते कुणी आपला हात धरून बसल्याशिवाय कळत नाही.

"एकशे आठ," म्हणाल्या. "जेवलीस?"
"हो."
"काय?"
"तर्री पोहे."
ते कालचे होते.
फीचा हप्ता भरला त्या महिन्यात मी मेस सोडली होती,
खोलीतल्या मुलींनाही सांगितलं नव्हतं.
त्यांनी आकडा लिहिला, पुढे गेल्या.

पुढच्या शनिवारी आहार, प्रात्यक्षिकासह.
स्कूटीच्या पायाशी केळ्यांच्या दोन फण्या नाही,
अख्खा घडच.
अठ्ठेचाळीस पोरांनी प्रात्यक्षिक केलं,
काहींनी दोनदा.
शेवटच्या शनिवारपर्यंत तेच चाललं.
कॉलेजानं पावती मागितल्याचं ऐकलं नाही.

प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं. असू दे.

मे महिन्यात तुमसरला घरी गेले.
आई चुलीपुढून उठली
आणि जराशी भिंतीला धरून उभी राहिली,
जशी ती नेहमीच राहते,
फक्त मी कधी बघितलं नव्हतं.
मी तिचा हात घेतला. ओला, पिठाचा.
"काय करून रायली वं?"
"कोर्स केला ना."
तीन बोटं. अंगठा दूर.
चालता चालता एक ठोका गळाला,
मग दोन आले घाईघाईनं, मागचं भरून काढल्यासारखे.

"झालं का? भात करपते."
"थांब ना."
"बाकीच्या बायांचे किती रायते?"
"बहात्तर."
"मंग तेवढेच लिहून टाक."

मी जाळ मागे ओढला.
भिंतीवरचा काटा बारावर येईस्तोवर थांबले,
आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.